दुपारची भिंत

सिनेमा एकेकटा दाखवायचा नाही, जोडीनं दाखवायचा, हा माझा हट्ट. एकाच विषयावरचे दोन सिनेमे, एकाच रविवारी, एकामागून एक. एक हसवणारा, दुसरा घशात घास अडकवणारा. निवृत्तीनंतर पालम या तालुक्याच्या गावी राहायला आलो आणि चार वर्षं हा उद्योग मी मनापासून केला. प्रोजेक्टर मुलानं पुण्याहून पाठवला होता. बाबांनी दिवसभर आईचं डोकं खाऊ नये एवढाच त्यामागचा हेतू, असं माझी बायको सांगते, आणि ते खरं असावं.

मी गणिताचा मास्तर. समीकरणाची एक बाजू लिहिली की दुसरी लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. सिनेमाचंही तसंच. म्हातारा बाप मुलाला शोधत शहरात जातो. एका सिनेमात त्याची अशी फजिती होते की आपण पोट धरून हसतो. दुसऱ्यात तोच बाप बसस्टँडच्या बाकड्यावर तीन दिवस बसून राहतो आणि आपल्याला उठून घरी फोन करावासा वाटतो. गोष्ट तीच, बघणारा डोळा वेगळा. सिनेमांची नावं मी मुद्दाम सांगत नाही. नावं सांगितली की लोक नट-नट्यांवरून भांडतात आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

आमचं थेटर म्हणजे एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल. ज्या रविवारी लग्नाची तीथ नसेल तो आमचा रविवार. तीस-चाळीस माणसं यायची. मास्तर, कारकून, एक मेडिकलवाला, आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीनं येणारे काही हौशी, आणि पहिल्या रांगेत कायम एक निवृत्त नर्सबाई. सकाळी हलका सिनेमा, मग आपापले डबे, आणि दुपारी जड सिनेमा. जेवताना सिनेमाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हा नियम. आणि सगळं झाल्यावर माझा एकच प्रश्न असायचा, ‘दोन्हींतला खरा कोणता?’ आवडला कोणता हे मी विचारत नसे. ज्याला सकाळचा खरा वाटला त्यानं उजव्या भिंतीला जाऊन बसायचं, ज्याला दुपारचा वाटला त्यानं डाव्या. लोक त्यांना सकाळची भिंत आणि दुपारची भिंत म्हणायला लागले होते. मी वहीत नोंद ठेवायचो, कोण कुठं बसलं. मास्तरकीची खोड, जाता जात नाही.

सतरंज्या, पडदा आणि स्पीकर आणायचा तो माझा जुना विद्यार्थी. पालमपासून बऱ्याच लांबच्या ज्या खेड्यात मी आख्खी नोकरी काढली, तिथला. आता चाळिशी ओलांडलेला, पालममध्ये मंडप आणि साउंडचं स्वतःचं दुकान असलेला, दोन लेकरांचा बाप. वायरी जोडून झाल्या की तो निवांत बसून दोन्ही सिनेमे बघायचा आणि शेवटी न चुकता डाव्या भिंतीला जायचा. दर वेळी. म्हणजे दर वेळी त्याला जड सिनेमाच खरा वाटायचा. हसण्यावारी नेणाऱ्या सिनेमानं हा गडी कधी फसला नाही, याचा मला केवढा अभिमान! त्याच्या नावापुढं मी वहीत लिहून ठेवलं होतं, ‘जाण आहे.’ मेडिकलवाल्याला मी टोमणेही मारायचो, “तुम्ही शिकलेसवरलेले, आणि बघा, मंडपवाल्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतंय.” एकदा मी त्याला सरळ विचारलं, “तुझ्यात हे आलं कुठून रे?” तो हसला आणि म्हणाला, “तुमच्यामुळंच की, सर.” त्या दिवशी मी घरी गेलो तो तरंगतच.

त्याची एक गोष्ट मात्र मला खटकायची. स्पीकरच्या दोन्ही पेट्या तो उजव्याच कोपऱ्यात ठेवायचा. मी ओरडायचो, “लग्नातबी असंच करतोस काय? लोक पैसे तरी कसे देतात तुला?” तो म्हणायचा, “इथं असंच बरं लागतंय, सर.” मीही फार ताणलं नाही.

मग मी मास्तरांची जोडी लावायची ठरवली.

हलका सिनेमा मला पाठ होता. खेड्यातला कडक मास्तर, हातात छडी. पोरं छडी लपवतात, मास्तर दुसरी काढतो, पोरं तीही विहिरीत टाकतात. पुढं कुणी डॉक्टर होतो, कुणी साहेब, आणि सगळे मिळून म्हाताऱ्या मास्तरांकडे येतात, येताना नवी छडी घेऊन. शेवटी हसता हसता डोळे पुसावे लागतात. मी तो निदान सहा वेळा पाहिला असेल, आणि दर वेळी त्या मास्तरांच्या जागी कोण दिसायचं हे काय सांगायला पाहिजे?

त्याच्या जोडीचा जड सिनेमा मला मुळीच आवडला नव्हता. एक पोरगा, एक मास्तर, एका दिवसाचा मार. मार नीट दाखवलेलासुद्धा नाही, नुसता व्हरांड्यातून आवाज. त्यानंतर पोरगा शाळेत जात नाही. घरामागं शेरडं राखत बसतो, का ते कुणाला सांगत नाही, आणि कुणी विचारतही नाही. तिकडं मास्तरांच्या गळ्यात हार पडतो. संपला सिनेमा. मला तो निव्वळ कांगावा वाटला. दिग्दर्शकाला लहानपणी कुणीतरी झोडपलं असणार, त्याचा राग तो सगळ्या मास्तर जातीवर काढतोय, असं मी बायकोला म्हणालो. ती तांदूळ निवडत होती.

तरी नियम तो नियम, जोडी लावायचीच होती. पण मी एक लबाडी केली. चार वर्षांत पहिल्यांदा मी क्रम उलटा केला, जड सकाळी आणि हलका दुपारी. लोकांनी तोंड गोड करून घरी जावं, असं कारण दिलं. खरं कारण एवढंच, की माझा मास्तर जिंकावा. शेवटी पाहिलेलं डोक्यात राहतं, हे पस्तीस वर्षं वर्गात उभा राहिलेल्या माणसाला कळतंच.

सकाळचा सिनेमा चालू असताना माझा विद्यार्थी उठून बाहेर गेला. जनरेटर बघतो म्हणाला. लाइट तर होती. मला राग आला, पण मी सोडून दिलं. जेवताना नेहमीसारखी शेंगदाण्याची चटणी इकडून तिकडं फिरली, सिनेमाचं कुणी काही बोललं नाही, नियमच होता. दुपारी हॉल खदाखदा हसला. तोही हसला, मी मुद्दाम वळून बघितलं. विहिरीत छडी पडली तेव्हा तर त्यानं मांडीवर थाप मारली.

“हं, आता सांगा,” मी म्हणालो, “खरा कोणता? ध्यानात ठेवा, आज सकाळचा तो रडका आणि दुपारचा तो छडीवाला.”

लोक उठले. बहुतेक सगळे डाव्या भिंतीला, म्हणजे माझ्या मास्तरांकडे. उजवीकडे नर्सबाई, दोन-तीन तरुण शिक्षिका आणि माझी बायको. बायकोकडे मी रागानं बघितलं. आणि मग मला दिसलं की माझा विद्यार्थी डाव्या भिंतीला बसलाय. जड सिनेमा सोडून दुसरीकडे कधी न बसलेला माणूस आज हलक्याकडे! मला आभाळ ठेंगणं झालं. यापेक्षा मोठी साक्ष कुठली? माझ्या हाताखाली शिकलेला, माझी छडी खाल्लेला माणूस सगळ्यांसमोर सांगणार की मार म्हणजे माया.

“ऊठ,” मी म्हणालो. “सांग सगळ्यांना.”

“राहू द्या न सर. मला कुठं बोलायला येतंय.”

“येतंय सगळं. चार वर्षं तू त्या रडक्या सिनेमांच्या बाजूनं बसलास. आज बाजू बदललीस. का?”

तो अर्धवट उठला. सगळे त्याच्याकडे बघत होते. “मी बाजू बदलली न्हाई सर,” तो म्हणाला. “मी तर रोजच्याच जागी बसलोय.”

मला कळेना. मी म्हणालो, “म्हणजे?”

“मला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. ह्या भिंतीला डावा खांदा टेकला की समदे उजव्या अंगाला येतेत. तुमी काय इचारायलात, लोकं काय बोलायलेत, ते कळतंय. तिकडं बसलं की निस्ता गलका.” मग ओशाळून म्हणाला, “कोणचा खरा म्हणून मी कधी बसलोच न्हाई, सर.”

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मलाही हसूच आलं आधी. चार वर्षं माझ्या वहीत त्याची जी ‘जाण’ होती ती एका बहिऱ्या कानाची सोय होती तर! आता पुढं कित्येक दिवस मेडिकलवाला माझी थट्टा करणार, एवढंच त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं.

नर्सबाईंनी तिकडून विचारलं, “जन्मापासून का बाबा?”

“न्हाई. सातवीत व्हतो. रक्त आलं, मग लय दिवस पू आला, मग बंदच झाला.”

“मार लागला होता?”

त्यानं मान हलवली.

“कुणी मारलं?” हे मी विचारलं. माझा आवाज चढला होता, कारण सातवीत तो माझ्याच शाळेत होता. “वडलांनी?”

“न्हाई न्हाई. वडील कशाला मारतील.”

“मग शाळेत? माझ्या शाळेत? कोण होता तो? अरे, पोराच्या कानाला हात लावायचा नाही एवढी अक्कल नसलेला माणूस मास्तर होतो कसा? नाव सांग त्याचं. घाबरू नकोस. जिवंत असेल तर उद्या त्याच्या दारात जाऊन उभा राहतो मी. सांग नाव!”

तो खाली बसला आणि सतरंजीचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळायला लागला. नर्सबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“अहो, खाली बसा,” बायको म्हणाली.

“का? कळू दे की सगळ्यांना.”

“खाली बसा म्हणते ना मी.”

तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्यानं मान वर केली. चूक त्याचीच असल्यासारखा तो हळूच म्हणाला, “जाऊ द्या, सर. लय जुनी गोष्ट हाय. तुमच्या तर ध्यानातबी नसंल.”

मी बसलो नाही. माझ्या कानात सूं आवाज होत होता आणि समोरची माणसं हलताना दिसत होती, पण कोण काय बोलतंय ते कळत नव्हतं. तो मास्तर मी होतो. मी सगळ्यांसमोर छाती काढून माझंच नाव विचारत होतो.

लोक कसे गेले ते मला सांगता येणार नाही. कुणी नेहमीसारखं नमस्कार म्हणालं नाही. त्यानं एकट्यानं सतरंज्या झटकल्या, घड्या घातल्या, पेट्या खाली नेल्या. प्रोजेक्टर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “सांभाळून, सर, गरम हाय.”

घरी येऊन मी पलंगावर बसलो आणि आठवायला लागलो. एक धक्का पचला नव्हता तोवर दुसरा बसला. मला काहीच आठवेना. त्याचा हजेरी क्रमांक आठवला. अक्षर आठवलं, डावीकडे कललेलं. बेरजेत हातचा विसरायचा, ते आठवलं. स्वातंत्र्यदिनाला झेंड्याची दोरी अडकली तेव्हा खांबावर चढला होता, ते आठवलं. पण ती चापट नाही. रक्त नाही. मी एवढ्या पोरांना मारलं होतं की त्यातली ही एक वेगळी राहिलीच नव्हती. मारलं, हे एक वेळ मी कबूल केलं असतं, त्या काळाच्या नावावर खपवलंही असतं. आठवत नाही, याचं काय करायचं?

“तुला माहीत होतं?” मी बायकोला विचारलं.

“त्याचं नाही. पण शाळेच्या मागंच खोली होती की आपली. पोरांचं रडणं मला रोज ऐकू यायचं.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले होते. दोनदा,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणालात, तू स्वयंपाकाचं बघ.”

हेही मला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या दुकानावर गेलो. शेजारी वेल्डिंगचं दुकान आहे, तिथं गेट बनवायचं काम चाललं होतं. तो वायरीचं भेंडोळं करत बसला होता. मला बघून उठला, खुर्ची पुसली, चहा सांगितला. मी बसलो नाही. म्हणालो, “मला सगळं सांग. काही गाळू नकोस.”

त्यानं सांगितलं, आणि हात एकीकडे वायर गुंडाळतच राहिला. शनिवारची सकाळची शाळा. फळ्यावर बेरीज. हातचा विसरला. एकच बसली, पण कानावर बसली. घरी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ‘मास्तर उगं मारतेत काय’ म्हणून अजून खावी लागली असती. आईनं गरम तेल घातलं, त्यानं आणखी चिघळलं.

“मंग तुमी डाव्या बाजूनं हाक मारायचे, मला कळायचं न्हाई. ओ दिली न्हाई म्हणून परत बसायच्या,” तो म्हणाला. “त्या मातर उजव्या गालावर बसायच्या कधी कधी. तवा लय भ्याव वाटायचं, की हाबी जातोय का काय.”

हे मला स्वप्नातसुद्धा सुचलं नसतं. मी त्याचा कान घेतला, आणि कान नाही म्हणून त्याला पुन्हा मारलं, वर्षभर.

“मग तू चार वर्षं आलास कशाला माझ्याकडे? सतरंज्या वाहायला?”

त्याला या प्रश्नाचंच नवल वाटलं. “तुमी बोलावलं की, सर. अन् पाढे मला आजबी तीसपस्तोर येतेत, ते तुमीच शिकवलेत. सिनेमा बघून बरं वाटायचं. लग्नाच्या मंडपात कोण इचारतंय आमाला, की बाबा तुला काय खरं वाटलं?”

“मग आता सांग. कालचा कोणता खरा?”

त्यानं हात थांबवला. विचार केला. “दोनी,” म्हणाला. “छडीवाल्याला मला खरंच हासू आलं. सकाळचा मातर बघवला न्हाई, म्हणून भायेर गेलो. पोरगं शेरडाजवळ बसलेलं दिसलं अन् कसंतरीच झालं.”

पस्तीस वर्षांच्या नोकरीत आणि चार वर्षांच्या या उद्योगात इतकं सरळ उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. मी रात्रभर घोकलेलं एक वाक्य बरोबर आणलं होतं. तो पुन्हा खाली बघून वायर गुंडाळायला लागला. शेजारी वेल्डिंगवाल्यानं लोखंड कापायला घेतलं, ठिणग्या रस्त्यापर्यंत उडाल्या. थांबलो तर पुन्हा धीर होणार नाही असं वाटून मी तेवढ्यात बोलून टाकलं. “मी तुझा गुन्हेगार आहे. मला माफ कर.” असं मी आयुष्यात कुणाला, बायकोलाही, म्हणालो नव्हतो.

तो काहीच बोलला नाही. मानसुद्धा वर केली नाही. वायरीचा एक वेढा, दुसरा वेढा. मला वाटलं, बरोबर आहे, का म्हणून करावं यानं माफ? डोळे भरून आले. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी त्याच्या डाव्या बाजूला उभा आहे.

मी घाईघाईनं त्याला वळसा घातला. त्याच्या उजव्या अंगाला गेलो, खाली वाकलो, आणि खांद्यावर ठेवावा म्हणून हात पुढं केला. त्यानं दचकून मान आखडली. हातातली वायर सुटली आणि त्याचा तळवा झटकन त्याच्या उजव्या कानावर गेला.

चाळिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप. क्षणभरच तसा बसला होता. मग त्यालाच लाज वाटली, हात खाली घेऊन तो म्हणाला, “काय म्हणालात सर? आवाजात कळलं न्हाई.”

मी दोन पावलं मागं सरकलो. वर्गात पोरं उभी राहायची तसे दोन्ही हात पाठीमागं घेतले, एका हातानं दुसरा घट्ट धरला, आणि ते वाक्य पुन्हा म्हणालो.